रिंगची निळी दोरी

दिवाळीच्या अलीकडचा रविवार, सकाळ. ठिकाण: जेल रोडच्या घराचा हॉल. हजर: पप्पा, आई, मी, धाकटा भाऊ आणि पैलवान दहा. गैरहजर: पैलवान एक.

माळा रिकामा करा, असा आईचा हुकूम होता. म्हणून आम्ही दोघं भावंडं आपापली घरं सोडून सकाळीच तिथं हजर झालो होतो. मी कागदावर तीन रकाने आखून घेतले होते: ठेवायचं, द्यायचं, भंगार. भाऊ स्टुलावर उभा राहून वस्तू खाली देत होता आणि मी त्या रकान्यात टाकत होते.

"ताई, धूळ कुठल्या रकान्यात?" त्यानं वरून विचारलं.

"तुझ्या डोक्यावर आहे ती तुझ्याकडेच ठेव."

मग त्यानं पप्पांची लोखंडी पेटी खाली दिली. पप्पा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते आणि या पेटीत त्यांची हत्यारं असायची. पेटी हातात घेतल्याबरोबर मला कळलं की आत हत्यारं नाहीत. तेवढं वजनच नव्हतं. मी कडी काढली. वर एक माकडटोपी, तिच्याखाली शाळेचे पांढरे मोजे, आणि एकेका मोज्यात एकेक पैलवान.

त्यांना मी विसरले नव्हते, पण ते हरवले असं धरून चालले होते. पप्पा रिटायर झाले, कॉलनीतलं क्वार्टर सोडलं, टेम्पोत सामान भरलं, त्या गडबडीत ते गेले असं घरात ठरलेलं होतं. पुढे लग्न, नोकरी, मुलांच्या शाळा. चाळिशी उलटल्यावर एकदा मोबाइलवर कुणीतरी तसलाच एक जुना पैलवान विकायला काढलेला दिसला आणि मी तो घेतला. मग दुसरा घेतला. आज माझ्या घरी काचेच्या कपाटात जुने पैलवान ओळीनं उभे आहेत. कुठला कुणाकडून आला, कुणाचा कुठं रंग उडालाय, सगळं लिहून ठेवलेलं आहे. जुना माल ओळखायची माझी पद्धत साधी आहे. विकणाऱ्याला सांगायचं, चेहऱ्याचा फोटो नको, तळपायाचा पाठव. खऱ्याच्या तळपायावर बारीक अक्षरं कोरलेली असतात. आमच्याकडे जत्रेत मिळायचे ते नकली, आतून पोकळ. पोट दाबलं की आत जायचं आणि परत बाहेर यायचंच नाही.

पण कपाटातले ते सगळे दुसऱ्या कुणाच्या तरी लहानपणीचे होते. हे दहा माझे होते.

ही आवड कशी लागली ते सांगते. कॉलनीत केबल आली आणि टीव्हीवर ती परदेशी कुस्ती दिसायला लागली. पंधरवड्यात कॉलनीतली सगळी पोरं एकमेकांना उचलून आपटू लागली. मी मुलगी. मला कुणी आपटेना आणि मला कुणाला आपटूही देईनात. म्हणून मी पैलवान जमवायला घेतले. पहिला मिळाला देवळाली कॅम्पात, फॉरेनचा माल विकणाऱ्या एका दुकानात. मुठीत कंबर मावेल एवढा, घट्ट प्लॅस्टिकचा, कपाळाला आठ्या घातलेला. पाठीला एक खटका. अंगठ्यानं दाबला की दोन्ही हात वर जायचे, सोडला की खट्‌ करून खाली. त्या खट्‌वर मी वेडी झाले. चौदा एप्रिलला आमच्याकडे सगळ्यांना नवे कपडे घेतात. त्या वर्षी मी पप्पांना सांगितलं, मला फ्रॉक नको, पैलवान घ्या. आई म्हणाली, "मिरवणुकीत काय पैलवान नेसून जाशील?" मी जुना फ्रॉक घालून गेले आणि पैलवान हातात धरून गेले.

त्यांची खरी नावं आम्हाला माहीत नव्हती. खोकी कधीच मिळाली नाहीत, दुकानदार सुटेच द्यायचा. मग नावं आम्हीच ठेवली, आणि ती कॉलनीत रोज कानावर पडणारीच ठेवली. लाल अंगाचा तो बॉयलर. पांढरा चेहरा रंगवलेला तो राख्या, कारण वाऱ्याची दिशा फिरली की दोरीवरच्या कपड्यांवर राख बसायची आणि आमचेही चेहरे तसेच दिसायचे. मिशीवाला तो चार्जमन, म्हणजे प्लांटमधला मुकादम. तोंड उघडं टाकून ओरडणारा तो भोंगा.

रिंग पप्पांनी केली. प्लायवूडचा चौकोन, त्यावर कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याचा भंगारात निघालेला रबरी तुकडा चिकटवलेला. चार कोपऱ्यांना चार लांब बोल्ट, प्रत्येक बोल्टवर एकावर एक तीन चिनी मातीची रिळं, आणि त्या रिळांच्या खाचांतून ओढलेल्या तीन वायरी. खाली लाल, मधे पिवळी, वर निळी. विजेच्या तीन फेजचे ते रंग आणि तोच क्रम. भावानं एकदा पिवळी वर घ्या म्हणून हट्ट धरला, तर पप्पा म्हणाले, "सिक्वेन्स बदलला तर मोटर उलटी फिरते." रिंगमध्ये मोटर कुठे आहे, असं विचारायचं आम्हाला सुचलं नाही. निळी वर का, हे तर आमच्या घरात कुणीच विचारलं नसतं.

याचा परिणाम असा झाला की जगातल्या सगळ्या कुस्तीच्या रिंगांना लाल, पिवळी, निळी याच क्रमानं दोऱ्या असतात, असं मी कितीतरी वर्षं मानत होते. आमचा टीव्ही काळा-पांढरा होता, त्यामुळे चूक दुरुस्त व्हायचं कारणच नव्हतं. कॉलेजात असताना मेन रोडच्या एका खेळण्यांच्या दुकानात मी परदेशी रिंग पाहिली. दोऱ्या लाल, पांढरी, निळी. मी दुकानदाराला म्हणाले, "काका, हिचा सिक्वेन्स चुकलाय. मधे पिवळी पाहिजे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खोक्यावरचं चित्र पाहिलं, मग परत माझ्याकडे. "ताई, हा माल बाहेरून असाच येतो." मी म्हणाले, "मग बाहेरच्यांनी चुकवलंय." घरी येऊन पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "पांढरी कशी असंल? नाय, नाय. बघण्यात फरक झाला तुझ्या."

पैलवान मोडले की दुरुस्तीही पप्पांकडे. त्यातही प्लांटचीच पद्धत. तिथं कुठल्याही मशीनला हात लावायच्या आधी परमिट घ्यावं लागतं. ज्यानं घेतलं त्याच्या नावाची पाटी मशीनवर लागते, आणि काम संपल्यावर त्यानंच ते परत करायचं. दुसऱ्या कुणी पाटी काढायची नाही, साहेबानंसुद्धा नाही. काम उघडं टाकून जागा सोडायची नाही. कारण उघड आहे: आत माणूस असताना बाहेरच्यानं बटण दाबलं तर माणूस जातो. पप्पांनी पुठ्ठ्याची तशीच एक पाटी घरी केली होती. 'काम चालू आहे. हात लावू नये.' दोऱ्यात ओवलेली. राख्याची स्प्रिंग निसटली की ती पाटी राख्याच्या गळ्यात, आणि मग कितीही रडलं तरी राख्या मिळायचा नाही.

ती पाटीही पेटीत निघाली. रिंगही निघाली, माळ्याच्या अगदी कोपऱ्यात उभी करून ठेवलेली. रबर शाबूत, रिळं शाबूत, वायरींचं आवरण मात्र कडक होऊन तडकलेलं. हात लावला तर तुकडे पडत होते. मी दहाही पैलवान टीपॉयवर मांडले. भोंगा तेवढा नव्हता.

पप्पा खुर्चीत बसून बघत होते. इथं सांगायला हवं की पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजव्या हाताची बोटं मात्र मागे राहिली. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी दाबायला एक पिवळा स्पंजचा बॉल दिला होता. तो देव्हाऱ्याच्या जागी आमच्याकडे जी बुद्धमूर्तीची फळी आहे, तिच्या खालच्या फळीवर नवाकोरा पडून होता. "मी काय बॉल खेळायच्या वयाचा हाय का," एवढंच त्यांचं म्हणणं. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते आमच्यात जेवायला बसेनासे झाले होते. डाव्या हातानं चमचा धरायचा, सांडायचं, ते कुणी बघू नये म्हणून सगळ्यांच्या आधी आतल्या खोलीत दार लोटून जेवून घ्यायचे. रविवारी आम्ही सगळे जमलो तरी तेच. आईनं माझ्याजवळ दुसरी कसलीच तक्रार केली नव्हती. "हात राहू दे," ती म्हणायची, "पण माणूस ताटावरून उठून गेल्यासारखं वाटतं."

त्या दिवशी पप्पांनी डाव्या हातानं राख्याला उचललं, उजव्या हातात ठेवलं आणि अंगठा खटक्यावर टेकवला. खटका हलला नाही. त्यांनी परत टेकवला. भाऊ पुढे व्हायला लागला, तेव्हा मी त्याचा शर्ट धरून ठेवला.

"स्प्रिंग गंजली असंल," पप्पा म्हणाले.

"असेल," मी म्हणाले. स्प्रिंग गंजली नव्हती. राख्याची स्प्रिंग सगळ्यात सैल, ती आधीपासूनच तशी.

दुसऱ्या दिवसापासून आईचे मला फोन सुरू झाले. सकाळी चहाच्या वेळी ते पैलवान घेऊन बसतात म्हणून. मग एका सकाळी तिनं हॅलोसुद्धा न म्हणता सांगितलं, "आज खट्‌ झालं."

"कोण झालं?"

"तुझा तो पांढऱ्या तोंडाचा. मी गॅसपाशी होते, मला ऐकू आलं." मागून पप्पांचा आवाज आला की फोनवर सांगण्यासारखं काही झालेलं नाही. आई त्यांना म्हणाली, "बॉल नको होता, आणि बाहुले बरे चालतात."

"बाहुले नाय ते. पैलवान हायेत."

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच सांगितलं की रिंगच्या वायरी बदलायच्या आहेत. मी सामान लिहून घेतलं: एक एमएम वायर, लाल, पिवळी, निळी, छोटी पक्कड, सॅंडपेपर. भावानं ते पंचवटीतल्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणलं. जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून रिंग ठेवली आणि पप्पांनी कोपऱ्याच्या बोल्टला पाटी अडकवली. काम चालू आहे. हात लावू नये. मग ते आमच्याकडे बघून म्हणाले, "परमिट माझ्या नावावर हाय. कळलं का दोघांना?"

"हो साहेब," भाऊ म्हणाला.

वायर ओढायला डावा हात पुरत होता. अडचण शेवटच्या गाठीची होती. रिळाभोवती वेढा घ्यायचा, दोन टोकं एकत्र धरायची आणि पक्कडीनं पीळ द्यायचा. पक्कड ते उजव्याच हातात धरत. ती सुटायची. टेबलावर पडायची, खाली पडायची. उचलून द्यायची परवानगी नव्हती. वाकून स्वतः उचलायचे. लाल दोरी पहिल्या रविवारी झाली, म्हणजे होता होता संध्याकाळ झाली. पिवळीला त्याहून जास्त वेळ लागला. जेवायला मात्र दोन्ही वेळेला ते आत गेले, पाटी लटकत ठेवून.

निळीच्या रविवारी मी उशिरा पोहोचले. पप्पा अंघोळीला गेले होते. टेबलावरच्या रिंगला तिन्ही दोऱ्या ताणलेल्या होत्या आणि भाऊ शेजारी उभा होता, हात पाठीमागे घेऊन.

"तू बांधलीस?"

"ताई, वरची दोरी आहे, रीळ उंच आहे, त्यांचा हात तिथं टिकत नाही. मी मागच्या आठवड्यात पाहिलंय. अगदी त्यांच्यासारखी बांधलीय. त्यांना वाटेल, आपणच बांधून विसरलो."

"त्यांना झटका आलाय. वेड लागलेलं नाही."

त्याला वाईट वाटलं होतं आणि त्यानं ते प्रेमानंच केलं होतं, हे मला दिसत होतं. पण गाठ सोडायचं परमिट माझ्याकडेही नव्हतं.

पप्पा बाहेर आले, खुर्चीत बसले, चष्मा लावला. बोट दोरीवरून फिरवत कोपऱ्यापर्यंत नेलं आणि थांबले.

"टोक उघडं ठेवलंय."

त्यांची सवय आम्हाला माहीत होती. पीळ दिला की टोक आत वळवायचं, नाहीतर पुढच्या माणसाच्या हाताला लागतं. भावानं पीळ अगदी हुबेहूब दिला होता आणि टोक वळवायला विसरला होता.

"पप्पा, मी फक्त..."

"पाटी दिसली व्हती का?"

"दिसली."

"मंग?"

पप्पांनी पक्कड घेतली आणि ती गाठ सोडायला घेतली. सोडणं हे बांधण्याइतकंच अवघड होतं. पक्कड दोनदा निसटली. स्वयंपाकघरातून वरणाचा वास यायला लागला, पोळ्या झाल्या, आई दारात येऊन उभी राहिली, आणि निळी वायर अजून अर्धी सुटलेली, अर्धी अडकलेली.

"तुमचं ताट आत ठेवू?" तिनं विचारलं.

"हं."

ते उठायला लागले. तेव्हा आई म्हणाली, "पण काम उघडं टाकून जागा सोडायची नाही ना?"

पप्पा खुर्चीतच अर्धवट थांबले.

"तीसेक वर्षं ऐकलंय मी ते. डबा पाठवायचे तर डबा पॅनलशेजारी बसून खायचात. आणि इथं पाटी लावलेली असताना दोन रविवार आत निघून गेलात. मी बघत होते. कुणाला बोलले नाही."

पप्पांनी पाटीकडे पाहिलं. मग भावाकडे पाहिलं, ज्याला त्यांनी आत्ताच त्याच पाटीवरून झापलं होतं.

"मी हात लावला त्याचं कारण काय मग," भाऊ हळूच म्हणाला, "साइटवर माणूसच नव्हता."

"तू गप."

पण ते बसले. आईनं कुणाला वेळ दिला नाही. वर्तमानपत्राची घडी थोडी सरकवली आणि रिंगच्या चारही बाजूंना चार ताटं मांडली. वरण, भात, पोळी, वांग्याची भाजी. पप्पांच्या ताटात चमचा. आम्ही जेवलो. त्यांचं वरण रिंगच्या रबरावर सांडलं. मी फडक्याकडे बघितलंही नाही, भावानं मात्र जेवता जेवता बॉयलरला उचलून त्या जागेवर आडवा केला आणि म्हणाला, "पाणी सुटलंय बॉयलरला." पप्पा हसले. त्यांना हसताना ठसका लागला, आईनं पाणी दिलं, आणि त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला.

तेव्हापासून बरेच रविवार गेले. जुनी गाठ त्याच दुपारी सुटली. नवी अजून व्हायची आहे. वरच्या रिळापाशी त्यांचा हात खरंच टिकत नाही, भाऊ बरोबर बोलला होता. थोडा वेळ टिकतो, मग खाली येतो. दरम्यान चार्जमनचा खटका दबायला लागला आहे, बॉयलरचाही. मी एका संग्राहकाकडून भोंगाही मागवला. तळपायाचा फोटो पाहून घेतला. आमचा तो नव्हेच, ह्याचा रंग कुठंही उडालेला नाही आणि स्प्रिंग इतकी घट्ट की मलाही जोर लावावा लागतो. पप्पांनी तो हातात घेऊन पाहिला आणि बाजूला ठेवला. "ह्याला टाइम लागंल," म्हणाले.

टेबलावरून रिंग हललेली नसल्यामुळे रविवारी आम्ही अजूनही रिंगच्या भोवतीच जेवतो. मधल्या वारीही ते टेबल सोडत नाहीत, असं आई सांगते. पाहुणे आले तर ताटं खाली मांडतात, पण पप्पा टेबलापाशीच, पाहुण्यांच्या देखत, चमच्यानं. मागच्या आठवड्यात माझी मावशी येऊन गेली. तिनं विचारलं, हे कसलं काम काढलंय? पप्पांनी तिला फेजचा क्रम समजावून सांगितला.

काल आईनं फोनवर सहज विचारलं की ती गाठ एकदा झाली की टेबल रिकामं करावं लागेल का. मी म्हणाले, लागेल. ती म्हणाली, बरं, घाई नाही.

आजची नोंद. हजर: पप्पा, आई, मी, भाऊ, पैलवान अकरा. माळा: रिकामा. भंगार: दिलं. लाल दोरी: झाली. पिवळी दोरी: झाली. पाटी: लावलेली. निळी दोरी: बाकी.